मानसपूजेंतील नैवेद्य

सज्जनगडाच्या पायऱ्या चढतांना साताऱ्याचा कंदी पेढा मनांत आणून पाहा. रूप लगेच दिसेल. चव मात्र दाद देणार नाहीं. मनाच्या डोळ्यापेक्षां मनाची जीभ फार जड!

समर्थांनीं दासबोधाच्या चौथ्या दशकांत, अर्चनभक्तीच्या समासांत, मानसपूजा सांगितली आहे: हवें तें कल्पावें व देवाला अर्पावें. पण कल्पनेंतला नैवेद्यच बेचव, तर अर्पिलें काय? योगसूत्रांच्या पहिल्या पादांतील ३५ व्या सूत्रावर व्यासभाष्य सांगतें कीं, जिभेच्या अग्रीं धारणा केल्यास दिव्य रसाचा प्रत्यय येतो. त्यांत सिद्धि शोधणारे शोधोत; सूत्रकाराला तेथें हवें आहे तें मनाचें स्थैर्य.

ही साधना मीं सांगलीस, घरींच पाहिली. मधुमेहामुळें आत्याबाईंना गोड वर्ज्य झालें, तेव्हां त्या डोळे मिटून मनांतल्या मनांत गणपतीपुढें मोदक मांडीत. आधीं वाफेचा वास, मग तुपाचा ओशटपणा, मग दातांखालीं खोबऱ्याचा कीस. गूळ सर्वांत शेवटीं. एकदम गोडी आठवूं गेल्यास 'गोड' हा नुसता शब्द हातीं लागतो, असें त्या म्हणत. तोंडाला पाणी सुटलें कीं साधलें.

एकदां मीं विचारलें, "आत्या, देवाआधीं चाखलें, तर तें उष्टें नाहीं का झालें?" त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून त्या खोबऱ्यापाशींच थांबूं लागल्या. "पुढचें त्याचें," म्हणाल्या. मीं विचारलें नसतें तर बरें झालें असतें, असें मला अजून वाटतें.