खोड लाकडाचे की पितळेचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मुलींच्या बँडसाठी चार साइड ड्रम घ्यायचे, हे मंडळाने एकमताने ठरविले. पण ते लाकडी असावेत की पितळी, यावर दोन बैठका झाल्या आणि निकाल लागला नाही. मी मुलींना ताल शिकविते, म्हणून चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलण्यास सांगितले. पैसा पापड-कुरडया विकून जमलेला आहे. तो पुन्हा इतक्या लवकर जमणार नाही, तेव्हा निवड विचाराने झाली पाहिजे.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. साइड ड्रम म्हणजे दोन्ही तोंडे मढविलेले एक गोल खोड. वरच्या पानावर काठ्यांनी वाजवायचे. खालचे पान पातळ असते आणि त्याला चिकटून बारीक तारा ताणलेल्या असतात. वर आघात झाला की आतली हवा खालच्या पानाला हालविते, तारा त्यावर आपटतात आणि तो ओळखीचा तडतडाट उमटतो. म्हणजे आवाजाचे मूळ पानांत आणि तारांत आहे. खोड त्या आवाजाला रंग देते. हा फरक ध्यानात ठेवला तर अर्धा वाद तिथेच मिटेल.

धातूचे खोड पातळ आणि कठीण. ते नाद परत फेकते. म्हणून आवाज मोठा, धारदार आणि मागे थोडा झणकारणारा. लाकूड त्यातला काही भाग गिळते. म्हणून आवाज भरीव आणि आटोपशीर. यात उच्च-नीच काही नाही. आपल्या तबल्याचे खोड लाकडाचे आणि डग्ग्याचे भांडे तांब्या-पितळेचे. दोघे एकाच मांडीपुढे बसतात. आपल्या वादकांनी यात श्रेष्ठ कोण असे विचारले नाही. कोणाचे काम कोणते, एवढेच पाहिले.

पाश्चात्त्य वादकांचेही तसेच आहे. अमेरिकेत शिकागो शहरी १९०९ साली निघालेल्या लुडविग कंपनीचाच दाखला घ्या. बीटल्सचे रिंगो स्टार त्या कंपनीचा लाकडी ड्रम वाजवीत, आणि लेड झेपेलिनच्या जॉन बॉनहॅम यांचा आवडता ड्रम त्याच कंपनीचा, पण ॲल्युमिनियमच्या खोडाचा. दोघांचेही नाव झाले. खोडामुळे कोणाचे अडले नाही.

आता आपल्या मुलींकडे वळू. त्या बारा-तेरा वर्षांच्या आहेत. प्रभातफेरीत ड्रम खांद्याच्या पट्ट्याला अडकवून मैल-दीड मैल चालायचे आहे. त्यासाठी वजनाचा हिशेब मी कागदावर मांडला. चौदा इंच रुंद आणि बारा इंच खोल असे नुसते खोड घ्या. पितळेचा पत्रा १ मिलिमीटर जाड धरला तर वजन सुमारे २.९ किलो होते. पोलादी पत्र्याचे २.७ किलोच्या आसपास. मेपलचे लाकूड ६ मिलिमीटर जाड धरले तरी १.४ किलो, आणि १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचे १ किलोच्याही आत. यावर कड्या, पेच आणि पट्टा यांचे ओझे सर्वांना सारखेच. म्हणजे पितळी ड्रम घेतला तर प्रत्येक मुलीच्या खांद्यावर दीड किलो उगीच वाढते. चकाकी बघणाऱ्यांची, खांदा मात्र मुलीचा!

दुसरी गोष्ट जागेची. सराव आपल्या बुटक्या छपराच्या दिवाणखान्यात होतो. तिथे चार धातूचे ड्रम एकदम वाजले, तर मुलींचे कान दुखतील आणि शेजारी तक्रार घेऊन येतील, तीही रास्तच असेल.

तिसरी गोष्ट हवेची. काही भगिनी म्हणाल्या, पितळ भांड्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, लाकूड पावसाळ्यात फुगते. हा मुद्दा खरा आहे, पण पुरता नाही. पोलाद आपल्या दमट हवेत पेचांच्या भोकांपासून गंजू लागते. पितळ गंजत नाही, पण काळवंडते आणि पोचे धरते. लाकडाला आतून-बाहेरून रोगण असेल आणि तो भिंतीला न टेकविता कपाटात ठेवला, तर तोही वर्षानुवर्षे जातो. पूर्वी ओल्या हवेत ड्रम बिघडत, त्याचे मोठे कारण कातडे सैल पडणे हे होते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत प्लास्टिकची पाने बाजारात आली आणि ती अडचण बहुतेक सरली.

आणखी एक मुद्दा हळूच पुढे आला होता, तो मी मोठ्याने सांगते. पितळेवर देणगीदारांची नावे छान कोरता येतात! भगिनींनो, नावे ड्रमच्या पेटीवर रंगवू. तिथे ती मोठ्या अक्षरांत मावतील.

तेव्हा माझी सूचना अशी. चारही ड्रम एकाच जातीचे घ्यावेत, म्हणजे रांगेचा आवाज एक होईल. लाकडी घ्यावेत, आणि रोगण नीट आहे ना ते पाहावे. फेरीसाठी ॲल्युमिनियमचे परवडले तर तेही चालतील, मात्र सराव करताना पानावर जाड फडके टाकावे. दुकानात पेच हाताने फिरवून बघा, आणि पान काढून कड सपाट पाटावर टेकवून बघा. डुगडुगली तर तो ड्रम नको. हळू वाजविल्यावरही तारा बोलतात की नाही ते ऐका. शेवटी, सगळी रक्कम खोडात घालू नका. सुटी पाने, तारा आणि काठ्यांचे दोन जोड यांसाठी काही मागे ठेवा. पान फाटून पडलेला पितळी ड्रम शोभेचा डबा होतो, आणि चांगले पान नीट ताणलेला साधा लाकडी ड्रम मुलींची पावले एका तालात आणतो.

आज पुण्यात पुष्कळ मुली कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत वाजवितात. आपल्या मुलींनीही रस्त्याने ताठ मानेने चालावे, त्यासाठी त्यांच्या खांद्याला पेलेल असेच वाद्य त्यांच्या हाती द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.