चौदा कुंड्या, एक मीटर आणि आईचा खोकला

कुणी बसमध्ये असाल, कुणी जिममध्ये, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय आहे घरातली झाडं. तीच, रील्समध्ये पांढऱ्या कुंडीत दिसणारी, 'हवा शुद्ध करणारी' असं लेबल लावून विकली जाणारी. पण आज ज्ञान देणार नाहीये. माझीच एक चूक सांगणार आहे. ती कुणी परत करू नये, एवढाच हेतू.

तर झालं असं. मी पुण्यात वाकडला राहतो, भाड्याचा वन बीएचके, कार्पेट एरिया साधारण ५०० चौरस फूट. गेल्या वर्षी पावसाळ्यात आई गावाहून माझ्याकडे राहायला आली. तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. पर्समध्ये इनहेलर, म्हणजे तिच्या भाषेत 'पंप', कायम असतो. गावाकडे मोकळं अंगण, आणि इथे समोर बांधकाम, खाली ट्रॅफिक. मला टेन्शन आलं. मग मी तेच केलं, जे आपली पिढी करते. रात्री एक वाजता फोनवर सर्च केलं आणि वीकेंडला नर्सरीतून चौदा कुंड्या उचलून आणल्या. स्नेक प्लांट, अरेका पाम, पीस लिली, स्पायडर प्लांट आणि मनी प्लांट. मनी प्लांटच्या काही फांद्या काचेच्या बाटल्यांत पाण्यात लावल्या. घर मस्त दिसायला लागलं. स्टोरी टाकली, हार्ट्स आले.

आईला मात्र पटलं नाही. रोज रात्री ती बेडरूममधल्या कुंड्या उचलून बाल्कनीत ठेवायची. म्हणायची, "अरे, रात्री झाडं घाण हवा सोडतात. झाडाखाली झोपू नये म्हणतात ते उगीच का?" मी म्हणायचो, "अगं आई, स्नेक प्लांट रात्रीसुद्धा कार्बन डायऑक्साइड घेतं. नासाने सांगितलंय." रोज रात्री हीच जुगलबंदी.

तीन आठवड्यांनी आईचा खोकला कमी नाही, वाढला. पंप दिवसातून जास्त वेळा लागायला लागला. तेव्हा मी एक मीटर विकत घेतला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, हे दोन्ही दाखवणारा. म्हटलं, वाद नको, लॉग बघू.

आठ रात्री टेस्ट केली. चार रात्री सगळ्या कुंड्या बेडरूममध्ये, चार रात्री सगळ्या बाहेर. दार-खिडकी दोन्ही वेळा बंद. सकाळी सहाला कार्बन डायऑक्साइड दोन्ही वेळा १,४०० पीपीएमच्या आसपास. बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० असतो. रोज थोडं इकडेतिकडे व्हायचं, पण कुंड्या आत की बाहेर याने काही फरक दिसला नाही.

म्हणजे बघा, आई चूक आणि मीसुद्धा चूक. आणि दोघं एकाच कारणाने चूक! कुंडीतलं झाड रात्री श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे खरं. स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रं उघडून तो आत घेतं, हेही खरं. पण एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच्यापुढे चार कुंड्यांची देवाणघेवाण म्हणजे चहाच्या पातेल्यात साखरेचा एक दाणा. टाका किंवा काढा, चव तीच.

मग नासाचं काय? तो अभ्यास खोटा नव्हता. १९८९ मध्ये बी. सी. वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान, सीलबंद, पारदर्शक पेट्यांमध्ये झाडं ठेवली. आत बेंझिन, ट्रायक्लोरोइथिलीन, फॉर्मल्डिहाइड असे वायू सोडले आणि काही तासांनी मोजले. वायू कमी झाले होते. त्यात पानांइतकाच, किंबहुना जास्त, मुळांशी असलेल्या मातीतल्या जिवाणूंचा हात होता. प्रश्न अंतराळयानासारख्या बंद जागेचा होता, आणि त्या प्रश्नाला ते उत्तर बरोबर होतं.

पण आपलं घर सीलबंद पेटी नाही. दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा सतत ये-जा करते. झाडाला जे काम करायला अख्खा दिवस लागतो, ते ही गळती तासाभरात करून टाकते. आपल्या भाषेत सांगायचं तर लॅबमध्ये टेस्ट पास झाली, प्रॉडक्शनमध्ये लोड वेगळाच निघाला.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी जुन्या १२ अभ्यासांमधले १९६ प्रयोग घेऊन हाच हिशोब मांडला. इमारतीत नेहमी होणारी हवेची अदलाबदल जेवढं साफ करते, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. माझं घर अंदाजे ४६ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ४६० कुंड्या. मग आई आणि मी राहणार कुठे? जिन्यात?

बरं, इथपर्यंत मी नुसता चुकीचा होतो. आता खरी गोष्ट ऐका.

आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, औषध बदललं आणि सहज विचारलं, "घरात कॉइल लावता का?" मी म्हटलं, "हो, हल्ली डास फार झालेत. संध्याकाळी मीच लावतो, आईला चावू नयेत म्हणून." डॉक्टर काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

घरी येऊन आईला हॉलमध्ये बसवलं आणि बेडरूममध्ये मीटर ठेवून कॉइल लावली. पंधरा मिनिटांत पीएम २.५ चा आकडा ४० वरून ४०० च्या पुढे गेला. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी २४ तासांची सरासरी मर्यादा ६० आहे. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले होते. आणि मी ती कॉइल रोज संध्याकाळी, खिडकी बंद करून, दम्याच्या पेशंटच्या खोलीत लावत होतो. प्रेमाने.

मग प्रश्न आला, डास अचानक एवढे कुठून आले? आम्ही चौथ्या मजल्यावर. उत्तर आईला सापडलं. सकाळी झाडांना पाणी घालताना ती ओरडली, "अरे, इकडे ये! या ताटल्यांत काय वळवळतंय बघ." कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी, मनी प्लांटच्या बाटल्या, आणि त्यात डासांच्या अळ्या. चौदा कुंड्या म्हणजे मी डासांसाठी काढलेलं चौदा खाटांचं प्रसूतिगृह होतं.

साखळी लक्षात आली ना? हवा शुद्ध करायला झाडं आणली. झाडांखाली पाणी साचलं, पाण्यात डास झाले. डासांसाठी कॉइल लावली, कॉइलच्या धुराने हवा बिघडली, आईचा खोकला वाढला. बग मीच टाकला आणि त्यावर पॅचही मीच मारला, मूळ बगपेक्षा वाईट. त्या दिवशी खूप अपराधी वाटलं. आई मात्र म्हणाली, "जाऊ दे रे, ताटल्या धू आधी."

तर आम्ही काय केलं ते सांगतो. सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

पहिलं, कॉइल बंद. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, आईच्या पलंगाला मच्छरदाणी. उदबत्तीसुद्धा आता बाल्कनीत. तुळशीपाशी लागते, त्यामुळे आईची तक्रार नाही.

दुसरं, आठवड्यातून एक कोरडा दिवस. आमचा रविवार. ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. बाटल्यांमधले मनी प्लांट मातीत लावून टाकले.

तिसरं, फोडणी देताना एक्झॉस्ट फॅन चालू, आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू.

चौथं, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. मीटरवर हे बघताना मजा येते. दहा मिनिटांत कार्बन डायऑक्साइड धाडकन खाली. चौदा कुंड्यांना रात्रभर जे जमलं नाही, ते एका खिडकीने चहा होईपर्यंत केलं. फक्त बाहेर धूळ किंवा कचरा जाळल्याचा धूर असेल तेव्हा नाही. हिवाळ्यात आम्ही दुपारची वेळ निवडतो. कण फारच असतील तर हेपा फिल्टरचं मशीन उपयोगी पडतं, पण ते कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्यासाठी खिडकीच लागते.

आणि औषध डॉक्टर सांगतील तसंच. खोकला कमी झाला तो नव्या औषधाने किती आणि धूर थांबल्याने किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही. पंप कमी लागतोय, एवढं सांगू शकतो.

झाडांचं काय केलं? ठेवली! नऊ आमच्याकडे आहेत, पाच आईने वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मनी प्लांट दिला, त्यांनी कढीपत्त्याचं रोप दिलं. दोन वर्षं मी या सोसायटीत राहतोय, मला शेजारच्यांचं नाव माहीत नव्हतं. आईला आता सगळ्या मजल्यांवर चहा मिळतो. ती रोज सकाळी बोटाने माती चाचपते, वरची माती कोरडी असेल तरच पाणी घालते, ओल्या फडक्याने पानं पुसते. घरात मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते.

झाड आवडतं म्हणून आणा, जरूर आणा. पण हवेची जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकू नका. ती आपली आहे.

आजचं होमवर्क सोपं आहे. हा भाग संपला की उठा, कुंडीखालची ताटली बघा आणि एक खिडकी उघडा. ताटलीत काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!