लिलावानंतर उरलेले कर्ज



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र गहाणखतावर बोलणार आहे. ज्या मराठी गद्याने असंख्य घरांचे भवितव्य ठरविले, ते दस्तऐवजाचे गद्य होय. आणि तेच आपण सर्वांत कमी वाचतो.

‘घर गेले, कर्ज फिटले’ असा आपल्याकडे समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. समजा, देणे १० लाखांचे आहे आणि लिलावात घर ७ लाखांना गेले. उरलेल्या ३ लाखांचे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ९० व्या कलमात याचे उत्तर होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ते ३४ व्या आदेशाच्या ६ व्या नियमात आले. विकलेल्या मिळकतीखेरीज अन्य मार्गाने ही बाकी कायद्याने वसूल होण्याजोगी असेल, तर धनकोच्या अर्जावरून न्यायालय तेवढ्या रकमेचा स्वतंत्र हुकूमनामा देऊ शकते.

सारे मर्म त्या ‘असेल तर’मध्ये आहे, आणि त्याचा उलगडा दस्ताच्या भाषेतच होतो. नजरगहाणात ताबा मालकाकडे राहतो, आणि कर्ज आपण जातीने फेडू असे तो बांधून देतो. ताबेगहाणात सावकार जमिनीचे उत्पन्न घेतो. तेथे जातीने फेडण्याचे वचन सहसा नसते. शर्तीच्या विक्रीचे गहाणही बहुधा तसेच. आज बँका घराचे मूळ दस्त ठेवून घेतात, पण फेडीचे वचन कर्जाच्या करारात असते. ते एक वाक्य असले, की लिलावानंतरही ऋणको मोकळा होत नाही. मुदतीचाही प्रश्न आहे. १९६३ च्या कायद्याप्रमाणे गहाण मिळकतीवरील वसुलीस १२ वर्षे मिळतात, जातीवरील दाव्यास सामान्यतः ३ वर्षेच. म्हणून उशिरा आलेल्या धनकोला मिळकत विकता येते. बाकी मात्र मागता येईलच असे नाही.

धनकोचा हा हक्क अन्याय्य आहे, असे मी म्हणत नाही. ज्याने पैसे दिले, त्याला ते परत मिळाले पाहिजेत. परंतु हक्काला मर्यादा नसली म्हणजे काय होते, हे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसले. तेथे व नंतर आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, आणि खास गहाण न टाकलेली जमीन अशा वसुलीसाठी विकण्यास मनाई केली.

पुढे आणखी कुंपणे उभी राहिली. धनकोनेच लिलावात मिळकत स्वस्तात घ्यावी आणि वर बाकीही मागावी, हा दुहेरी लाभ होय. १९७६ च्या दुरुस्तीने गहाण घेणाऱ्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून बोली लावता येईनाशी झाली. परवानगी मिळाली तरी त्याच्यापुरती किमान किंमत न्यायालय ठरविते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रामाणिकपणे देण्याची ऐपतच नसलेल्याला केवळ कर्जापोटी तुरुंगात धाडता येणार नाही. २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला, शेतजमीन त्यातून वगळली. पण विक्रीनंतरची बाकी वसूल करण्यासाठी त्यांना कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे किंवा सक्षम न्यायालयात जावेच लागते. तेथे ऋणकोला विक्रीचा व व्याजाचा हिशेब मागता येतो. नोटीस आली की लाजेने घरी बसू नये, ते याचसाठी.

आपल्यातील अनेकांनी मित्रासाठी, भाच्यासाठी जामीन म्हणून सही केली असेल. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. लिलाव दुसऱ्याच्या घराचा होतो आणि उरलेल्या बाकीची नोटीस आपल्या दारी येते. भिडेपोटी केलेल्या सहीला कायदा भीड मानत नाही.

म्हणून माझी या शाळेला एक विनंती आहे. दहावीच्या वर्गात वर्षातून एक तास गहाणखत वाचायला द्यावे. कर्ता कोण, क्रियापद कोणते, ‘जातीने’ या शब्दाने कोण बांधला जातो, हे मुलांनी ओळखावे. व्याकरणाचा याहून मोलाचा उपयोग मला ठाऊक नाही, आणि ज्यांचे आपण आज स्मरण करीत आहोत, त्यांनाही तो मान्य झाला असता.