मुळशीचा ढोल पुन्हा रिंगणात उतरेल का?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आज ढोलाबद्दल बोलायचंय आणि बोलता बोलता मी टेबल वाजवणारच आहे.

मी मुळशीचा. पौडच्या पुढे, डोंगराला टेकून आमचं गाव आहे. मुळशी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? धरण, ताम्हिणीचे धबधबे, फार तर 'मुळशी पॅटर्न'. हिंजवडीसुद्धा आमच्याच तालुक्यात येते, हे तिथल्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्यांनाही माहीत नसतं. पण माझ्या वडिलांच्या पिढीला पुण्यात कुणी गाव विचारलं आणि उत्तर 'मुळशी' आलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "ढोल वाजवता का?"

आज गणपतीत लक्ष्मी रोडला जी शेकडो पोरापोरींची ढोल-ताशा पथकं दिसतात, ती शहरातली. त्यांच्या आधी पुण्यातली मंडळं मिरवणुकीसाठी ढोल-लेझीम आणायची ती मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांतल्या गावांतून. त्याला कारणही सरळ होतं. आमच्याकडे भात. आषाढात लावणी असते, ती उरकली की कापणीपर्यंत हात थोडे मोकळे. गणपती नेमके त्या मधल्या दिवसांत येतात. मंडळाचे कार्यकर्ते श्रावणात गावात यायचे, चहा व्हायचा, सुपारी ठरायची. त्या पैशातून ढोलांची पानं बदलायची, नवीन लेझमी घ्यायच्या आणि उरलं तर देवळाला द्यायचे.

पण एक गोष्ट शहरातल्या ऐकणाऱ्यांना सांगावीच लागते. आमच्याकडे ढोल 'वाजवतात' असं कमी म्हणतात. 'खेळतात' म्हणतात. ढोल-लेझमाचा खेळ. ढोलवाले कमरेला ढोल बांधून रिंगण धरतात, मध्ये झांजवाले, बाहेर लेझीम. वस्तादाच्या तोंडात शिट्टी. एक शिट्टी झाली की हात बदलतो, म्हणजे ताल बदलतो, आणि त्याच क्षणी पायही बदलतात. बसून वाजवायचं, गिरकी घ्यायची, रिंगणाच्या दोन रांगा करून एकमेकांतून आरपार जायचं. ढोल अंगावर असताना, बरं का. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. तोल गेला तर ताल जातो, आणि ताल गेला तर शेजारच्याच्या ढोलाला आपला ढोल धडकतो. लेझीम तर मुळात व्यायामाचंच साधन. शब्दही फारसीतून आलाय, तालमीतल्या धनुष्यासारख्या साधनाचा.

या खेळाची खरी परीक्षा पुण्यात नसायची, गावच्या जत्रेत असायची. रात्री पालखीचा छबिना निघायचा, आजूबाजूच्या गावांचे खेळ यायचे आणि देवळापुढच्या पटांगणात एकेक गाव उतरायचं. बघणारे सगळे जाणकार, कारण प्रत्येकाने कधी ना कधी टिपरू धरलेलं. कुणाचा हात तुटला, कुणाची शिट्टी उशिरा आली, हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळायचं. आमच्या देवळात दोन ढाली अजून भिंतीवर आहेत. त्यांच्यावरची अक्षरं आता वाचता येत नाहीत.

मग हे गेलं कुठे?

सोपं उत्तर आहे की शहरातल्या पथकांनी आमची जागा घेतली. ते अर्धंच खरं आहे. ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी शाळेतली मुलं ढोल घेऊन मिरवणुकीत उतरवली, पुढे रमणबाग वगैरे शाळांची पथकं आली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर पथकांचा पूर आला. मी स्वतः कॉलेजात असताना शहरातल्या एका पथकात दोन सीझन वाजवलंय. तिथे एका हाताचं नावच 'गावठी' होतं! मला हसू यायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा. त्या पोरांची शिस्त मी जवळून पाहिली आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. मुलींना ढोल त्यांनी दिला, आम्ही नाही दिला.

पण मिरवणुकीत रिंगण मावत नाही. रस्ता लांब, दोन्ही बाजूंना गर्दी, पुढे सरकत राहायचं. तिथे जे उठून दिसतं ते म्हणजे संख्या. शंभर ढोल एकदम पडले की छातीत धडकी भरते, आणि भरायलाच पाहिजे, मीही त्यासाठीच जातो. पण शंभर ढोलांना गिरकी घेता येत नाही. हळूहळू सगळीकडे, अगदी स्पर्धांमध्येसुद्धा, मोठं पथक म्हणजे चांगलं पथक असं झालं. आमचा खेळ हरला तो या मोजपट्टीत.

बाकीची कारणं तुम्हाला माहीतच आहेत. जमिनी विकल्या गेल्या. पोरं पिरंगुटच्या कंपन्यांत नाहीतर हिंजवडीत शिफ्टला लागली, त्यामुळे एका वेळी वीस जण जमणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं. जत्रेची वर्गणी डीजेवर जायला लागली. आणि चामड्याची पानं! मुळशीच्या पावसात चामडं सैल पडतं, ढोल शेकोटीजवळ धरून शेकावा लागतो. फायबरच्या पानाला ही कटकट नाही. आवाज मात्र पातळ येतो, असं आमचे वस्ताद म्हणतात. मला विचाराल तर थापेच्या बाजूला फरक लगेच कळतो, टिपराच्या बाजूला तेवढा नाही.

आता एक गंमत सांगतो. ३० ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या गणेशोत्सवासाठी आदेश दिला की एका पथकात ३० पेक्षा जास्त वादक नकोत. शहरात हाहाकार. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पथकांनी सुटकेचा श्वास सोडला. आमच्या पारावर मात्र लोक विचारत होते, "तीस म्हणजे कमी आहेत का?" आमच्या गावाने ढाली आणल्या तेव्हा वीस-पंचवीस जणच असायचे. आवाजाच्या वादात मी आज जात नाही, तो वेगळा एपिसोड होईल. पण तीस माणसांत काय होऊ शकतं, हे ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

जगात हे प्रश्न इतरांनाही पडलेत. अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे: ढोल, पितळी वाद्यं, झेंडे, आणि फुटबॉलच्या मैदानावर रचना बदलत केलेलं सादरीकरण. १९७२ पासून त्यांची 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही स्पर्धा चालते. खेळणारे तुमच्या-आमच्या वयाचे. परीक्षक वेगवेगळे असतात: कुणी फक्त वाजवणं बघतो, कुणी फक्त हालचाल, कुणी एकूण परिणाम. शंभरपैकी गुण, आणि ते जाहीर होतात. मी यूट्यूबवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर आपला खेळ! फक्त पटांगण मोठं आणि गुणपत्रिका छापील.

म्हणून मी म्हणतो की आम्हाला अनुदान, सत्कार आणि 'लोककला जपा' असले बॅनर नकोत. आम्हाला गुणपत्रिका पाहिजे. रिंगण, पदन्यास, हात बदलताना होणारी एकजूट, यांना वेगळे गुण द्या. वेळ ठरवून द्या. संख्येला वरची मर्यादा ठेवा, खालची नको. मागच्या वर्षी आम्ही एका स्पर्धेत नाव द्यायला गेलो तर किमान चाळीस वादकांची अट. आम्ही होतो एकोणीस. परत आलो.

यंदा सव्वीस आहोत. त्यात सहा मुली आहेत, माझी चुलत बहीण त्यांतली एक. सुरुवातीला काही घरांतून कुरकुर झाली. वस्तादांनी तिला कमरेला ढोल बांधून बसून-उठून दाखवायला सांगितलं, तिने दाखवलं, विषय संपला. वस्तादांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना अकरा हात तोंडपाठ आहेत, आम्हाला सातच येतात. उरलेले चार मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेत, पण ऐकून फक्त ताल कळतो. पाय कुठे टाकायचा ते त्यांनी उभं राहून दाखवल्याशिवाय कळत नाही, आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यामुळे ते खुर्चीत बसून हातवारे करतात आणि आम्ही अंदाज बांधतो. चुकलं की शिवी. बरोबर आलं की काहीच नाही, फक्त पुढची शिट्टी.

तालुक्यातल्या चार गावांशी आमचं बोलणं झालंय. गणपतीनंतर, कापणीच्या आधी, एका देवळापुढे जमायचं आणि आपसातच स्पर्धा घ्यायची. प्रत्येक गावाला बारा मिनिटं. परीक्षक म्हणून जुने वस्ताद, पण आपल्या गावाला गुण द्यायचे नाहीत. बक्षीस ढालीचंच.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मिरवणुकीची किंवा जत्रेची जुनी व्हिडिओ कॅसेट असेल, त्यात मुळशीकडचा खेळ दिसत असेल, तर कृपा करून कळवा. त्या चार हातांचे पाय कदाचित तिथेच सापडतील. आमची तालीम रोज रात्री आठ ते पावणेदहा असते, दहानंतर वाजवत नाही. अकरा ढोल आहेत, त्यातले आठ चालू आहेत. तिघांची पानं या रविवारी चढवायची आहेत, चामड्याचीच.