रेंज नसली तरी अंग तापवता येतं: फेरीआधीची पंधरा मिनिटं

तंजावरहून बोलतोय.

आजचा विषय गोल्फ खेळणाऱ्यांसाठी आहे. पण पन्नाशी-साठी ओलांडून बॅडमिंटन किंवा टेनिस खेळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. प्रश्न साधा आहे. ज्या कोर्सवर ड्रायव्हिंग रेंज नाही, तिथे पहिला फटका मारण्याआधी अंग कसं तयार करायचं?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे एक लांबलचक मोकळं मैदान. तिथे बादलीभर चेंडू घेऊन उभं राहायचं आणि एकामागून एक फटके मारत सराव करायचा. मोठ्या शहरांतल्या क्लबांत ही सोय असते. छावण्यांमधल्या छोट्या कोर्सेसवर बहुधा नसते. मी नोकरीत ज्या नऊ-नऊ होलच्या कोर्सेसवर खेळलो, त्यातल्या कित्येक ठिकाणी हिरवळीचं ग्रीनसुद्धा नव्हतं. वाळूत तेल मिसळून दाबून केलेलं 'ब्राउन' असायचं. तिथे रेंज कुठून येणार? आता तंजावरात राहतो. घराजवळ रेंज नाही. गच्चीवर काथ्याची चटई टाकून प्लास्टिकच्या चेंडूंवर हात चालवतो, आणि खेळायचं असेल तेव्हा गाडी काढून लांब जातो. म्हणजे रेंजशिवाय खेळणं हीच माझी नेहमीची परिस्थिती आहे, आणि आपल्या देशातल्या अनेक गोल्फरांची तीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. रेंज नाही म्हणून वॉर्मअप होत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. रेंजवर आपण दोन वेगळी कामं एकत्र करतो. एक, अंग तापवणं. दुसरं, स्विंग दुरुस्त करणं. फौजी भाषेत सांगतो. गोळीबाराआधी रायफलच्या नळीतून पुल-थ्रू फिरवतात, नळी साफ करतात. आणि रायफलची नेमबाजी जुळवून घेण्याला झिरोइंग म्हणतात. झिरोइंग हे आदल्या दिवसांचं, निवांतपणे करायचं काम आहे. चढाईच्या दहा मिनिटं आधी कोणी झिरोइंग करत बसत नाही. पुल-थ्रू मात्र दर वेळी करावाच लागतो. रेंजवर बादली संपवणारा माणूस पुष्कळदा झिरोइंग करत असतो. तीन चेंडू उजवीकडे गेले की पकड बदलतो, पाय बदलतो, आणि डोक्यात चार शंका घेऊन पहिल्या टीवर जातो. रेंज नसली तर झिरोइंग आपोआप बाद होतं. पुल-थ्रू करायला रेंज लागतच नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? गोल्फ म्हाताऱ्यांचा खेळ, नुसतं चालायचं असतं, असं म्हणतात. चालणं खरं आहे. पण फटक्याचा विचार करा. मागे नेलेली काठी खाली येऊन चेंडूला लागते त्याला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात कंबर, पाठ, खांदे, मनगटं एकामागून एक वळतात. त्या क्षणी कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असं मोजमाप झालेलं आहे. म्हणूनच गोल्फरांच्या दुखण्यात कंबर सगळ्यात पुढे असते. मग कोपर, मनगट, खांदा.

माझा एक कोर्समेट होता. उत्तम खेळायचा. निवृत्तीनंतर एकदा तीन तास गाडी चालवून कोर्सवर आला. उशीर झाला होता. बूट बांधले, थेट पहिल्या टीवर गेला, ड्रायव्हर काढला आणि पूर्ण ताकदीने फिरवला. चेंडू छान गेला. तो मात्र वाकलेला सरळच होईना. दोघांनी धरून गाडीत बसवलं. त्यानंतर औषधं, पट्टा, व्यायाम सगळं झालं, पण काठी त्याने पुन्हा हातात घेतली नाही. आता फोन केला की विचारतो, ''कोण कोण येतं रे खेळायला?'' वयामुळे खेळ सुटला असं तो सांगतो. मला वाटतं, तो खेळ वयामुळे सुटला नाही, न दिलेल्या पंधरा मिनिटांमुळे सुटला.

हे एकट्याचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1040 गोल्फर खेळाआधी काय करतात ते बघितलं. तो अभ्यास 2001 साली छापून आला. निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे 54 टक्के लोक काहीतरी हालचाल करत होते. त्यातले बहुतेक जण टीवर उभं राहून हवेत काठी फिरवत होते, तेवढंच. पुढे त्याच संशोधकांनी 20 गोल्फरांवर प्रयोग केला. निम्म्यांना नियमित वॉर्मअप करायला लावलं, निम्म्यांना नाही. वॉर्मअप करणाऱ्यांच्या काठीचा वेग स्पष्टपणे वाढला. म्हणजे दुखापत टाळण्यासाठी नाही पटलं, तर चेंडू लांब जाण्यासाठी तरी करा.

आता आमच्या तंजावरची एक गंमत. इथे एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातलाच घाम निथळतो. लोक म्हणतात, ''इथे कसला वॉर्मअप? इथे उतरलं की माणूस तापलेलाच!'' हा गैरसमज आहे. घाम त्वचेला येतो. गाडीत दोन तास मुडपून बसलेल्या कमरेला आणि मांड्यांना बाहेरच्या उन्हाने काही फरक पडत नाही. स्नायू गरम होतात ते हालचालीने, त्यांत रक्त खेळल्याने. उलट कोडाईकनालला, जिथे 1895 पासून गोल्फ क्लब आहे, किंवा निलगिरीत वेलिंग्टनला पहाटे थंडी वाजते, तिथे माणूस आपणहून हात चोळतो, उड्या मारतो. फसगत होते ती मैदानी मुलखात. उन्हात वॉर्मअप सावलीत करा, सावकाश करा, घोट-घोट पाणी प्या. पण करा.

खाण्याचंही सांगून टाकतो. निघण्याआधी दोन इडल्या आणि कॉफी पुरते. तुपात न्हालेला पोंगल खाऊन पहिल्या टीवर उभं राहू नका. तो फेरी संपल्यावर जास्त गोड लागतो.

आता प्रत्यक्ष पंधरा मिनिटं. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने सांगतो, डावऱ्यांनी उलटं समजावं.

पहिली चार मिनिटं चालायचं. गाडीतून उतरल्यावर बॅग कॅडीकडे द्या आणि पार्किंगला एक-दोन चकरा मारा. सावकाश सुरुवात, मग भरभर. हात मोकळे हलू द्या. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. हृदयालाही हळूहळू चढू द्यायचं असतं. छातीत दडपल्यासारखं झालं तर त्या दिवशी खेळ नाही, डॉक्टर.

पुढची चार मिनिटं सांध्यांना. झाडाला किंवा गाडीला एक हात टेकवा. एक पाय पुढे-मागे झोपाळ्यासारखा दहा वेळा, मग आडवा दहा वेळा. दुसऱ्या पायाने तसंच. मग दहा अर्ध्या बैठका, काठीचा आधार घेऊन घेतल्या तरी चालेल. त्यानंतर एक काठी मानेमागे खांद्यांवर आडवी धरा, गुडघे किंचित वाकवा, आणि छाती उजवीकडे-डावीकडे वळवा. दहा-दहा वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा अर्धंच वळा. झटका नको. शेवटी मनगटं दोन्ही दिशांनी गोल फिरवा, मुठी उघडा-मिटा.

इथे एक सूचना. वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि मिनिटभर तसंच राहायचं, हे खेळाआधी करू नका. स्नायू बराच वेळ ताणून धरला की लगेच नंतर त्याचा जोर थोडा उतरतो, काठीचा वेग कमी होतो. हलतं ताणणं खेळाआधी, धरून ताणणं खेळानंतर. एवढं लक्षात ठेवा.

आता खांद्यांसाठी माझा सगळ्यात आवडता प्रकार. आपल्याकडे तालमीत मुद्गल, करेल फिरवायचे. इथे तमिळनाडूत 'कर्लाकट्टै' म्हणतात. नावंही किती जवळची! तंजावरात मराठ्यांचं राज्य 1676 ते 1855 होतं, काही घरांतून मराठी आजही बोलली जाते, त्यामुळे असे शब्द इथे भेटले की बरं वाटतं. हा व्यायाम इंग्रजी फौजेने हिंदुस्थानात बघितला आणि विलायतेला नेला. तिथे त्याचं 'इंडियन क्लब' झालं. 1834 सालच्या एका इंग्रजी व्यायामाच्या पुस्तकात तो आहे. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धासुद्धा होती. गंमत बघा, गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात.

करायचं असं. बॅगेतली वेज काढा. ती साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असते, बॅगेतल्या जड काठ्यांपैकी एक, तरी करेलीच्या मानाने हलकीच. एका हातात धरा, डोकं वर. हळूच खांद्यामागे सोडा, पाठीमागून लोलकासारखी फिरू द्या आणि पुढे आणा. दहा वेळा, मग दुसरा हात. ताकद लावायची नाही, वजनाला आपलं काम करू द्यायचं. मागे कोणी उभं नाही ना, ते आधी बघा. कॅडी पोरं कुतूहलाने जवळ येतात.

मग तीन-चार मिनिटं स्विंगची. दोन लोखंडी काठ्या एकत्र धरून पाच सावकाश स्विंग. मग एकच काठी, कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग, गवत चाटून जाईल असा. मग पाऊण. मग पूर्ण, पण निम्म्या जोराने. दोन-चार स्विंग उलट्या हाताने मारा, म्हणजे शरीर एकाच बाजूला ओढलं जात नाही. शेवटी ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याच्या बाजूने, आणि फिरवा. 'सूं' असा आवाज येईल. तो आवाज चेंडूच्या जागी किंवा थोडा पुढे यायला हवा. मागे, खांद्याजवळच आला तर घाई होते आहे. रेंजवर वीस चेंडू मारून जे कळत नाही ते या आवाजातून पाच वेळात कळतं.

नियमाची एक गोष्ट. काठीवर अडकवायचं वजनाचं कडं कोणाकडे असेल तर ते फेरी सुरू होण्याआधीच वापरा. फेरीत ते लावून स्विंग केला तर दोन फटक्यांचा दंड आहे. तसंच स्ट्रोक प्लेच्या दिवशी फेरीआधी कोर्सवर फटक्यांचा सराव चालत नाही. पहिल्या टीजवळ आणि सरावाच्या जागी पटिंग-चिपिंगला नियमाची परवानगी आहे. क्लबची सूचना काय आहे तेवढी फळ्यावर बघून घ्या.

उरलेली तीन-चार मिनिटं पटिंगला. आधी लांबचे पट मारा, होलकडे न बघता, फक्त वेग समजून घ्यायला. ग्रीन आहे की ब्राउन, दव आहे की सुकलंय, हे हाताला कळू द्या. शेवटचे पाच पट दोन फुटांवरून. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज कानात ठेवून टीवर जा.

पहिल्या टीवर ड्रायव्हरच काढला पाहिजे असा कुठे हुकूम नाही. पाच वूड किंवा सात नंबरची लोखंडी काठी घ्या, ऐंशी टक्के जोराने मारा, चेंडू फेअरवेवर ठेवा. रेंज नसली की पहिले दोन होल हे वॉर्मअपचंच शेपूट समजायचं. त्यात एखादा फटका वाया गेला तर जाऊ द्या, पुढे सोळा होल आहेत.

लोक हसतील का? हसतात. ''साहेब, पीटी परेड चाललीय का?'' असं मला नेहमी विचारतात. मी म्हणतो, ''या, तुम्हीही फॉल इन व्हा.'' पाच-सहा महिन्यांत आमच्या चौकडीतले दोघे आपणहून शेजारी उभे राहायला लागले.

ज्यांना उशीर होतो त्यांच्यासाठी शेवटचं. पंधरा मिनिटं नसतील तर पाच मिनिटांत एवढं तरी करा: दोन मिनिटं भरभर चाल, दहा अर्ध्या बैठका, खांद्यांवर काठी ठेवून दहा-दहा वळणं, आणि दहा सावकाश स्विंग. तेवढाही वेळ नसेल तर सोबत्यांना आधी मारू द्या आणि तुम्ही शेवटी मारा. पुढच्या रविवारी करून बघा, आणि सोमवारी सकाळी उठताना कंबर काय म्हणते ते मला कळवा.

जय हिंद.