काळू धरण आणि पर्यावरणाचा वकील

मुरबाड तालुक्यात काळू नदीवर मुंबई महानगराच्या पाण्यासाठी धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा वनजमिनीची मंजुरी हातात नव्हती. श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयाच्या स्थगितीने काम थांबले. १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन इतर कामाला लावण्याआधी केंद्राची मान्यता लागते. धरण हवे की नको, हा वाद न्यायालयात सहसा टिकत नाही. ‘परवानगीआधी जेसीबी कसा चालला?’ हा प्रश्न टिकतो.

पर्यावरणविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाची निम्मी कारकीर्द अशा कागदांत जाते. सातबाऱ्यावरचा ‘वन’ शेरा, वनखात्याचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकारात मिळालेली पत्रे. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी पाड्यांवर अनेकदा कसणाऱ्याच्या नावाचा कागदच नसतो, तिथे काम अधिक अवघड.

मग कोणत्या न्यायालयाचे दार ठोठवायचे ते निवडायचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध तिथे ३० दिवसांत अपील करावे लागते, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळतात. म्हणून मुरलेला वकील आधी आदेशाची तारीख पाहतो, मजकूर नंतर. २००६ चा वनहक्क कायदा मात्र न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतील कायद्यांच्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयच गाठावे लागते.

स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे. यंत्रणा मंजुरीचा प्रस्ताव नव्याने मांडू शकते, आणि तसे झाले की वकिलाला तीच फाइल पुन्हा उघडावी लागते.