वेड, छंद आणि व्यासंग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. त्या विषयावर याच व्यासपीठावरून मी पूर्वी दोन वेळा बोललो आहे आणि आपण दोन्ही वेळा ते सहन केले आहे. यंदा आपणांस त्यातून मोकळे करावे असे ठरविले. मी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालो व ३६ वर्षे खडू झिजविला. वैद्यकशास्त्रात मला गती नाही. जे सांगणार आहे ते घरात पाहिलेले, आणि पुढे वाचून पडताळून घेतलेले आहे.

आपल्या मंडळाच्या कुटुंबनोंदणीचे काम मी काही वर्षे केले. घरोघर जाऊन माहिती लिहून घेताना एक गोष्ट ध्यानात आली. काही घरांत एखाद्या प्रौढ मुलाचे अथवा मुलीचे नाव येताच सांगणारा अडखळतो. वय सांगतात, शिक्षण हलक्या आवाजात सांगतात, 'व्यवसाय' या रकान्याशी आले की, "ते राहू द्या, गुरुजी," म्हणतात. आतल्या खोलीचे दार त्या वेळी लोटलेले असते. अशा दारांपैकी एक दार माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरचे आहे. आज त्याविषयी बोलतो आहे ते बहिणीच्या, मेहुण्यांच्या, आणि मुख्यतः माझ्या भाच्याच्या अनुमतीने. त्याने हे टिपण वाचले असून त्यातील दोन तारखा दुरुस्त करून दिल्या आहेत.

ज्या वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीला आली, त्याच १९९२ साली त्याचा जन्म झाला. तो उशिरा बोलू लागला आणि बोलू लागला तो पंख्यांविषयी. कोणाच्याही घरी गेला की प्रथम मान वर करून छताकडे पाही. पाती किती, कोणत्या कंपनीची, कोणत्या बाजूस फिरतात हे पाहून झाल्यावरच तो माणसांकडे वळे. पंखे एके दिवशी संपले आणि रेल्वे आली. २००४ साली ठाणे ते वाशी हा नवा मार्ग सुरू झाला तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाने त्या मार्गाचे सगळे वेळापत्रक स्वतःच्या हाताने, रकाने आखून, एका दोनशे पानी वहीत उतरविले. पनवेलची कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे विचारायला शेजारीपाजारी त्याच्याकडे येत. परंतु शाळेत पानभर निबंध लिहायचा म्हटले की घामाघूम होई. मी स्वतः शिक्षक. एकदा परीक्षेच्या आधी ती वही मी काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी बहिणीने किल्ली मागितली. शिक्षकाच्या अंगी जी अक्कल असावयास हवी ती त्या चार दिवसांत माझ्या अंगी नव्हती.

वयाच्या सतराव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी निदान केले: ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. हा मराठी शब्द मला नेहमीच खटकतो. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः', त्यावरून तो बेतला आहे, हे मान्य. परंतु आमचा मुलगा स्वतःमध्ये मग्न कधीच नव्हता. तो पंख्यांत, गाड्यांत, माशांत मग्न होता. स्वतःच्या केसांना तेल लावण्याचेही ज्याला भान नाही त्याला स्वमग्न कसे म्हणावे? असो, शब्द रूढ झाला आहे आणि मीही तोच वापरणार.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची जी हकिगत प्रसिद्ध केली तिच्यापासून या विषयाचा अभ्यास सुरू झाला असे मानतात. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. लहानपणी वस्तू गरगर फिरविणे व आकडे यांतच तो रमे. तो पुढे आपल्याच लहानशा गावी बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला, एकट्याने देशोदेशी हिंडून आला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. एकेका विषयावर अस्खलित बोलणाऱ्या त्या बालकांना त्यांनी छोटे प्राध्यापक म्हटले. आता मुद्दा असा की ही मुले मोठी होतात. मुलांसाठी केंद्रे आहेत, आपल्या महानगरपालिकेचे वाशीतील ई.टी.सी. केंद्र आपणांस ठाऊकच असेल. परंतु तिशी-चाळिशीच्या माणसाविषयी घरात बोलायचे कोणी?

या प्रौढांचे ध्यास असे तीव्र का असतात? डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जी उपपत्ती मांडली ती मला आपल्या शेताच्या भाषेत नीट समजते. सर्वसाधारण माणसाचे लक्ष म्हणजे वाफ्यावाफ्यांतून सोडलेले पाणी. बोलता बोलता तो ऐकतो, ऐकता ऐकता समोरच्याचा चेहरा वाचतो, आणि तेवढ्यात चुलीवरच्या दुधाकडेही पाहतो. या मंडळींचे पाणी एकाच पाटाने धावते. त्या पाटाला खोली असते, वेगही असतो. आणि मध्येच कोणी बांध घातला तर पाणी फुटते. त्यालाच आपण हट्ट, आकांडतांडव, वेडेपणा अशी नावे देतो. कोलाहलाने, गर्दीने, माणसांच्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्याने थकलेला जीव त्या एका पाटाशी येऊन विसावतो. मुलींच्या बाबतीत तर हे कित्येकदा ओळखूही येत नाही. एखादी मुलगी एकाच लेखकाची पुस्तके किंवा एकाच नटाचे चित्रपट दहा दहा वर्षे उराशी धरून असते, आणि घरचे म्हणतात, वाचनाची आवड आहे हो!

परंतु मी आज उभा राहिलो आहे तो याहून वेगळ्या गोष्टीसाठी. हे ध्यास बदलतात. आणि बदलतात तेव्हा घरच्यांचे काय होते, हे मला सांगायचे आहे.

रेल्वे ओसरली आणि २०१३ च्या सुमारास शोभेचे मासे आले. गप्पी, एंजल, फायटर. काचेच्या टाक्यांनी घराची गॅलरी भरली. त्याचे ते ज्ञान पाहून मी मेहुण्यांना म्हणालो, "याच्या छंदाचा धंदा करा." वाक्य चटकदार होते आणि मी त्याच्यावर खूष होतो. मेहुण्यांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि २०१६ साली कोपरखैरण्यास एका लहानशा गाळ्यात माशांचे दुकान थाटले. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला.

दुकानदार म्हणून भाचा पहिल्या दिवसापासूनच विलक्षण निघाला. गिऱ्हाईक टाकी घेई आणि मासेही मागे. हा मासे देईना! नव्या टाकीतील पाण्यात मळ जिरविणारे सूक्ष्म जीव तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर माशांच्या विष्ठेतील अमोनिया साठून मासे मरतात, तेव्हा पुढच्या महिन्यात या, असे तो सांगे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. शास्त्र त्याचे बरोबर होते, गल्ला रिकामा होता. तरीही दोन वर्षे रडतखडत गेली. पुढे २०१८ च्या पावसाळ्यात एके सकाळी तो दुकानात गेला, सवयीने माशांना खाद्य घातले, आणि खुर्चीवर बसून भरती-ओहोटीचे कोष्टक वाचू लागला. गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहिलेदेखील नाही. महिनाभर हेच. मी समजूत घालण्यास गेलो तेव्हा भरलेल्या टाक्यांच्या मधोमध बसून तो शांतपणे म्हणाला, "मामा, मासे संपले."

दिवाळीपूर्वी गाळा सोडला. मेहुणे चार लाखांना बुडाले. "पैसे पाण्यात गेले," असे ते म्हणाले तेव्हा कोणासही हसू आले नाही. त्यांना पैशांपेक्षा फसवणूक जाणवली; मुलाने आपल्याला दगा दिला असे ते मानू लागले आणि वर्षभर बापलेकांचे बोलणे बंद होते. दगा त्याने दिला नव्हता. ज्या गोष्टीवर तो विसावत होता तिच्यावर मी चार माणसांचा संसार चढविला होता. सल्ला माझा होता. कर्ज मात्र त्यांचे.

येथे कोणी विचारील, मग ध्यासाचा उपयोग काय? २०१८ सालीच रेचेल ग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ स्वमग्न व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. असे खास विषय असणे आणि आयुष्यात समाधान असणे यांचा संबंध त्यांना आढळला. मात्र विषयात गुंतणे फार पराकोटीला गेले की समाधान उणावते असेही आढळले. दोन्ही गोष्टी आमच्या घरी खऱ्या ठरल्या. भरतीच्या नादात तो पहाटे तीनला उठून बाहेर पडे, जेवण विसरे. बहिणीने वही काढून घेतली नाही. तिने त्याच्याशी करार केला: झोप सहा तास, डबा बरोबर, आणि खाडीच्या चिखलात एकट्याने उतरायचे नाही. करार लेखी आहे आणि तो अक्षरशः पाळतो.

थोडे इतिहासाचार्य राजवाड्यांकडे पाहू. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड निघाला, आणि असे २२ खंड त्यांनी काढले. गावोगावची दप्तरे धुंडाळणारा हा पुरुष पुढे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणात शिरला, तेथून संस्कृत धातूंत, तेथून विवाहसंस्थेच्या इतिहासात. १९२६ साली धुळ्यास देह ठेवीपर्यंत ही धाव चालू होती. मृत माणसावर रोगाची चिठ्ठी चिकटविणे हा अविचार होय, आणि मी तो करीत नाही. इतकेच म्हणतो की त्यांच्या विषयांतराला आपण व्यासंग म्हटले, आणि माझ्या भाच्याच्या विषयांतराला 'याचे कशातच मन लागत नाही' असे म्हटले. हे दुसरे वाक्य आपल्याच वधूवर समितीच्या बैठकीत मी ऐकले आहे. तेथेच एका वडीलधाऱ्यांनी, "दोनाचे चार हात करून द्या, ताळ्यावर येईल," असा उपाय सांगितला. मी त्या समितीवर आहे, म्हणून स्पष्ट बोलतो: ज्या मुलीला काहीही न सांगता असे लग्न लावले जाईल तिचा आणि त्या मुलाचाही तो घात आहे.

मग आता काय चालले आहे? त्याला ओळखीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात सकाळचे चार तास काम मिळाले. कामाचा त्याच्या कोणत्याही ध्यासाशी संबंध नाही, आणि तेच बरे. ध्यास बदलला तरी काम बदलत नाही. पगार बेताचा आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने त्याचे प्रमाणपत्र काढले आहे, आणि आईवडिलांच्या पश्चात काय यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील पालकत्वाची चौकशी मेहुणे करीत आहेत. ज्या घरांत हे काम राहिले असेल त्यांनी मला भेटावे. अर्जांचे नमुने माझ्याजवळ आहेत.

दुपारनंतर तो खाडीवर असतो. ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, ठाण्याच्या खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती चढली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. म्हणून त्याचे भरतीचे कोष्टक आता पक्ष्यांच्या वहीला जोडले गेले आहे. दिवाळे कोळीवाड्यातील एका वृद्ध गृहस्थांशी त्याची मैत्री झाली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, हा कोळ्यांचा हिशेब त्यांनी त्याला शिकविला. ज्याला चार माणसांत बसता येत नाही तो त्या म्हाताऱ्याशेजारी जेटीवर तास तास बसतो. दोघेही फारसे बोलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मेहुणे एकदा डबा घेऊन तेथे गेले आणि तेही बसले.

त्या पाऊणपटीत चतुर्थीला किती मिनिटांची चूक येते, याचा तो आता शोध घेत आहे. बहिणीला भीती वाटते की खाडीही संपत चालली. तशी चिन्हे आहेत. मागच्या महिन्यात त्याने मला विचारले, "मामा, तुमच्याकडे जुनी पंचांगे आहेत का?" माझ्याकडे १९७८ पासूनची आहेत. पोटमाळ्यावरून काढून, झटकून, वर्षवार लावून ठेवली आहेत. रविवारी तो न्यायला येणार आहे.